मेंडोलिनची पाचवी तार

ठाण्याचे गडकरी रंगायतन, डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर किंवा कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर येथे जुन्या हिंदी चित्रपटगीतांचा कार्यक्रम असला, की वाद्यवृंदात बहुधा एखादा मेंडोलिनवादक असतोच. कळव्याहून खाडी ओलांडून आलेल्या रसिकाला त्या वादकाचे नाव ठाऊक नसते. परंतु मुखडा आणि अंतरा यांच्यामध्ये तारांची ती ओळखीची थरथर कानी पडली, की सभागृहात समाधानाची एक लहर उमटून जाते. चार-आठ मात्रांचे काम संपले, की मेंडोलिन पुन्हा गप्प. आपल्याकडील बहुसंख्य श्रोत्यांचा या वाद्याशी परिचय एवढाच आहे आणि त्यात श्रोत्यांचा दोष नाही. मुंबईच्या चित्रपटसृष्टीने कित्येक दशके मेंडोलिनला दिलेली जागाच तेवढी होती.

हेच वाद्य १९९९ च्या सुमारास ‘रिमेंबर शक्ती’ या जगभर गाजलेल्या चमूत दाखल झाले आणि २०१४ पर्यंत जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या गिटारला तोडीस तोड उत्तर देत राहिले. जॅझ फ्युजनच्या इतिहासात मेंडोलिनला एवढा मान त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल. तो मिळवून देणारे यू. श्रीनिवास १९ सप्टेंबर २०१४ रोजी अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी चेन्नईत निवर्तले. त्यानंतर या चमूत मेंडोलिन परतले नाही. ते आसन व्हायोलिनकडे गेले. मग ती जागा मेंडोलिनची होती की एका माणसाची, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर शोधायचे, तर आधी या वाद्याची अडचण समजून घ्यावी लागते.

मेंडोलिनचे आजचे रूप घडले ते इटलीत, मुख्यत्वे नेपल्समध्ये. त्याला तारांच्या चार जोड्या, म्हणजे एकूण आठ तारा असतात आणि त्या व्हायोलिनप्रमाणेच लावलेल्या असतात. प्लेक्ट्रमने, म्हणजे बोटांत धरलेल्या छोट्या चकतीने, तारा छेडल्या जातात. व्हायोलिनचा गज स्वर हवा तितका लांबवू शकतो. मेंडोलिनची छेडलेली तार मात्र क्षणात विझते. दीर्घ स्वराचा भास निर्माण करण्यासाठी वादक प्लेक्ट्रम वेगाने मागेपुढे फिरवत राहतो. चित्रपटगीतांतून ऐकू येणारी थरथर ती हीच. म्हणजे ज्याला आपण मेंडोलिनचे सौंदर्य समजतो, ती मुळात त्याच्या उणिवेवर शोधलेली युक्ती आहे.

दुसरी अडचण तारेच्या लांबीची. सतारीची वाजती तार सुमारे नव्वद सेंटीमीटर, गिटारची पासष्टच्या आसपास, तर मेंडोलिनची जेमतेम पस्तीस. सतारीवर एका पडद्यावरून तार खेचून चार-पाच स्वरांची मींड काढता येते, ती लांब तारेमुळे आणि खाली वाकलेल्या उंच पडद्यांमुळे. मेंडोलिनची आखूड, ताठ तार फारशी खेचली जात नाही. त्यातून तारा जोडीने असल्यामुळे दोन्ही एकाच मापाने खेचल्या गेल्या नाहीत, तर स्वर फाटतो. मींड आणि गमक यांवर उभ्या असलेल्या रागसंगीताला असे वाद्य परके वाटावे, हे स्वाभाविकच होते. तिसरी गोष्ट म्हणजे खालचे सप्तक. व्हायोलिनसारखी जुळणी असल्यामुळे मंद्रात मेंडोलिन लवकर थबकते. आणि मंद्राविना आलाप म्हणजे पायाविना घर.

जॅझमध्ये अडचण आणखी निराळी होती. ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि ड्रमच्या कल्लोळात मेंडोलिनचा आवाज पोहोचतच नसे. अमेरिकेत त्यावर दोन प्रकारचे तोडगे निघाले. बॉब विल्स यांच्या चमूतील टायनी मूर या वादकासाठी पॉल बिग्सबी यांनी १९५२ साली विजेवर चालणारे मेंडोलिन बनवले. त्यात तारांच्या जोड्या काढून टाकून पाच एकेरी तारा बसवल्या होत्या. चार तारा नेहमीच्या. पाचवी खालच्या स्वरांसाठी. डेव्हिड ग्रिसमन यांनी याच्या नेमका उलट मार्ग धरला. वाद्याचा आवाज वाढवण्याऐवजी त्यांनी भोवतालचा गोंगाट कमी केला. १९७७ मध्ये ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या त्यांच्या पंचकात दोन मेंडोलिन, गिटार, व्हायोलिन आणि बास होते, ड्रम नव्हतेच. ब्लूग्रास हे ग्रामीण अमेरिकी संगीत आणि जॅझ यांचा तो मिलाफ चांगलाच लोकप्रिय झाला. ग्रिसमन यांचे मोठेपण मान्य करूनही म्हणावे लागते, की त्यांनी मेंडोलिनसाठी जॅझमध्ये जागा केली नाही, तर मेंडोलिनला पेलेल असा जॅझ घडवला.

पुढे ब्राझीलच्या हॅमिल्टन डी ऑलांडा यांनी दहा तारांचे, म्हणजे पाच जोड्यांचे मेंडोलिन वापरात आणले. कोलकात्याचे स्नेहाशिष मजुमदार दोन माना असलेले मेंडोलिन वाजवतात. टेक्सासकडचे नृत्यसंगीत, ब्राझीलचे शोरो, कोलकात्याचे हिंदुस्थानी संगीत यांचा परस्परांशी तसा काय संबंध? तरीही या वाद्यातून स्वतंत्रपणे काही मोठे सांगू पाहणारा प्रत्येक जण खालच्या स्वरांच्या शोधात निघालेला दिसतो.

या कहाणीत मुंबईचे स्थान महत्त्वाचे आहे आणि थोडे चुटपुट लावणारेही. १९५० च्या दशकात मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत गोव्याहून आलेले जॅझवादक मोठ्या संख्येने होते. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस ही त्यांतली काही ठळक नावे. रात्री हॉटेलांत जॅझ वाजवायचे आणि दिवसा चित्रपटगीतांची स्वरलिपी लिहायची, असा यांपैकी कित्येकांचा दिनक्रम. त्याच कक्षांत तबला होता, सतार होती, सारंगी होती आणि मेंडोलिनही होते. जॅझ आणि राग यांचा संगम घडण्यास लागणारी सगळी सामग्री एका छताखाली जमलेली होती. अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरावर वादकांचा मेळ जमवून राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांची सांगड घालून दाखवली. शंकर-जयकिशन यांची ‘रागा जॅझ स्टाइल’ ही ध्वनिमुद्रिका १९६८ ची. परंतु तिच्यात अग्रभागी आहे ती रईस खाँ यांची सतार. मेंडोलिनकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

याचे कारण वादकांच्या उणिवेत नव्हते. विख्यात संगीतकार जोडीतील लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर (१९३७-१९९८) हे मूळचे मेंडोलिनवादक. घरच्या ओढगस्तीमुळे कोवळ्या वयातच त्यांनी हे वाद्य हाती घेऊन ध्वनिमुद्रणांत वाजवायला सुरुवात केली. संगीतकार म्हणून त्यांचे नाव एवढे मोठे झाले, की त्यांच्या हातातील मेंडोलिनचा लोकांना विसर पडला. किशोर देसाई यांच्यासारख्या वादकाचे काम तर असंख्य गीतांत विखुरलेले आहे. पण चित्रपटगीतात वादकाच्या वाट्याला येतो तो ‘पीस’. संयोजकाने लिहून दिलेल्या तेवढ्या ओळी, तेवढ्याच वेळात वाजवायच्या. प्रेमप्रसंग, होडीतील सफर, परदेशातील रस्ता अशा ठरावीक प्रसंगी मेंडोलिनला बोलावणे येई. फ्युजनचा प्राण असलेल्या उत्स्फूर्त विस्ताराला तीन मिनिटांच्या गाण्यात वाव नव्हता.

या चौकटीबाहेर पडलेला मुंबईतील एकच मोठा वादक म्हणजे सज्जाद हुसेन (१९१७-१९९५). ‘संगदिल’ (१९५२) आणि ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) या चित्रपटांचे संगीतकार म्हणून ते जाणकारांच्या स्मरणात आहेत. त्यांनी चित्रपट मोजकेच केले आणि त्यांच्या फटकळपणाच्या आख्यायिका मात्र भरपूर राहिल्या. त्या आख्यायिकांच्या गर्दीत त्यांचे खरे कर्तृत्व झाकोळले गेले. साध्या, विजेच्या साह्याविना वाजणाऱ्या, दुहेरी तारांच्या मेंडोलिनवर त्यांनी हिंदुस्थानी राग वाजवले, तेही मींड आणि गमकांसह. १९५६ मध्ये कलकत्त्याच्या संगीत परिषदेत ते शास्त्रीय गायक-वादकांच्या पंक्तीला बसले होते. त्यांची उपलब्ध ध्वनिमुद्रणे ऐकताना हा स्वर पस्तीस सेंटीमीटरच्या तारेतून निघतो आहे, यावर विश्वास बसत नाही. मात्र हे यश सर्वस्वी त्यांच्या बोटांचे होते. वाद्यात त्यांनी बदल केला नाही. त्यामुळे त्यांच्यामागून येणाऱ्याला त्यांच्याइतकीच विलक्षण बोटे असल्याखेरीज तो मार्ग खुला नव्हता.

तो मार्ग खुला झाला आंध्र प्रदेशात. पालकोल्लू येथे २८ फेब्रुवारी १९६९ रोजी जन्मलेल्या श्रीनिवास यांनी वडिलांचे मेंडोलिन लहानपणीच उचलले. चेंबई वैद्यनाथ भागवतर यांचे शिष्य रुद्रराजू सुब्बराजू यांनी त्यांना शिकवले. गुरूंना मेंडोलिन वाजवता येत नव्हते. ते गात आणि मुलगा ते वाद्यावर उतरवी. पुढील सगळ्या घडामोडींच्या दृष्टीने ही गोष्ट कळीची ठरली. मेंडोलिन ‘कसे वाजवतात’ हे सांगणारे कोणी नसल्यामुळे मेंडोलिनच्या रूढ सवयीही श्रीनिवास यांना लागल्या नाहीत. गळ्यातून येणारा स्वर जसाच्या तसा निघाला पाहिजे, एवढेच त्यांच्यापुढे होते. वाद्याला ते जमत नसेल, तर वाद्य बदलायचे.

आणि त्यांनी ते बदललेच. दुहेरी तारा जाऊन एकेरी आल्या. एकच तार असल्यामुळे ती निर्धोकपणे खेचता येऊ लागली आणि गमकाचा प्रश्न सुटला. पोकळ लाकडी पेटीऐवजी भरीव अंगाचे विजेचे वाद्य आले. ध्वनिवर्धकामुळे तारेचा अगदी क्षीण होत जाणारा स्वरही ऐकू येत राही. त्यामुळे दीर्घ स्वरासाठी थरथरीची गरज उरली नाही. राहिले मंद्र सप्तक. त्यासाठी पाचवी तार आली. टायनी मूर यांच्या वाद्यातही पाच एकेरी तारा होत्या, हे वर आलेच आहे. पण तेथे त्या मोठ्या वाद्यवृंदात आवाज पोहोचावा म्हणून होत्या. येथे कर्नाटक संगीतातील कृती पूर्णत्वाने गाता याव्यात म्हणून.

१९७८ मध्ये गुडिवाडा येथील त्यागराज आराधनेत श्रीनिवास प्रथम वाजवले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. १९८१ च्या डिसेंबरमध्ये मद्रासच्या संगीत हंगामात त्यांचे पदार्पण झाले. मद्रासचा श्रोता परंपरेच्या बाबतीत किती काटेकोर असतो, हे सर्वश्रुत आहे. विजेच्या मेंडोलिनवर त्यागराजांच्या कृती, ही कल्पनाच अनेकांना रुचणारी नव्हती. वादन ऐकल्यावर आक्षेप विरत गेले. १९८३ मध्ये, म्हणजे वयाच्या चौदाव्या वर्षी, ते बर्लिनच्या जॅझ महोत्सवात वाजवून आले. जॅझच्या व्यासपीठावर त्यांनी सादर केले ते कर्नाटक संगीतच. पुढे १९९५ मध्ये मायकेल ब्रूक यांच्यासमवेत ‘ड्रीम’ हा संग्रह निघाला आणि १९९८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

येथे ‘शक्ती’चा इतिहास थोडक्यात पाहावा लागेल. मॅकलॉफ्लिन हे मूळचे ब्रिटिश गिटारवादक. १९६९ मध्ये माइल्स डेव्हिस यांच्या ज्या ध्वनिमुद्रणांतून जॅझ आणि रॉक यांचे मिश्रण आकाराला आले, त्यांत त्यांचा सहभाग होता. ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ या कर्णकर्कश म्हणता येईल इतक्या जोरकस चमूनंतर त्यांनी १९७५ मध्ये विजेची गिटार बाजूला ठेवली आणि झाकीर हुसेन, व्हायोलिनवादक एल. शंकर व घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ सुरू केले. त्या काळात त्यांनी खास बनवून घेतलेल्या गिटारला तरफेच्या तारा होत्या आणि पडद्यांमधील लाकूड खोदून खोलगट केलेले होते, जेणेकरून तार सतारीप्रमाणे खेचता यावी. म्हणजे गिटारवादकालाही नेमका तोच प्रश्न सोडवावा लागला, जो काही वर्षांनी आंध्रमधील एका मुलाने मेंडोलिनवर सोडवला.

१९९७ मध्ये हा चमू ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने नव्याने उभा राहिला, तेव्हा व्हायोलिनच्या जागी हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी होती. त्यानंतर श्रीनिवास आले. घटमवादक विनायकराम यांच्या जागी त्यांचे पुत्र सेल्वागणेश कंजिरा घेऊन आले. ‘द बिलीव्हर’ (२०००) या संग्रहात या चौकडीचे वादन ऐकायला मिळते.

व्हायोलिन आणि बासरी ही दोन्ही अखंड स्वराची वाद्ये. गिटारच्या तुटक स्वरासमोर त्यांचा सलग स्वर ठेवला, की दोन निराळे रंग आपोआप मिळतात. मेंडोलिन आले आणि समोरासमोर दोन छेडण्याची वाद्ये बसली. रंगाचा हा फरक गमावल्यास संगीत एकसुरी होण्याचा धोका होता. प्रत्यक्षात जे घडले ते वेगळेच. प्रत्येक स्वराचा आरंभ टोकदार असल्यामुळे गिटार आणि मेंडोलिन एकत्र धावू लागली, की त्यांचे स्वर तबल्याच्या आणि कंजिऱ्याच्या आघातांवर तंतोतंत बसू लागले. कर्नाटक संगीतातील स्वरकल्पनांची गणिती मांडणी, तिहाईने समेवर येणे, एकाने टाकलेला तुकडा दुसऱ्याने उलगडून परत करणे, या साऱ्याला एक विलक्षण धार आली. आखूड तारेवर पडदे जवळजवळ असल्याने द्रुत लयीत बोटांना अंतर कमी कापावे लागते. मींडेच्या बाबतीत जी आखूड तार अडचण होती, तीच येथे बळ ठरली.

कामाची वाटणीही लक्षात घेण्यासारखी आहे. जॅझवादक स्वरसंघांच्या, म्हणजे कॉर्डच्या, बदलत्या क्रमावर विस्तार करतो. रागात असा क्रम नसतो. श्रीनिवास कॉर्डच्या वाटेला फारसे गेले नाहीत. ते रागातच राहिले आणि पायाखालची जमीन मॅकलॉफ्लिन बदलत राहिले. श्रोत्याला एकच राग निरनिराळ्या प्रकाशात दिसावा तसे ते ऐकू येते. फ्युजन या नावाखाली पुष्कळदा दोन्ही बाजूंनी आपापले सोडून दिलेले असते आणि उरते ते पार्श्वसंगीत. येथे कोणीच काही सोडले नव्हते.

डिसेंबर २००० मध्ये हा चमू मुंबईत वाजवून गेला आणि त्या मैफलींचा ‘सॅटर्डे नाइट इन बॉम्बे’ हा संग्रह २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईला जॅझ नवे नव्हते. निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने १९७८ पासून येथे ‘जॅझ यात्रा’ भरत आली होती आणि पहिल्याच यात्रेत सनी रोलिन्स वाजवून गेले होते. पण या संग्रहात चेंबूरला वाढलेले शंकर महादेवन आहेत, मुंबईतच जन्मलेले झाकीर हुसेन आणि तौफिक कुरेशी हे बंधू आहेत, शिवकुमार शर्मांचे संतूर आहे. त्यागराजांची ‘गिरिराज सुधा’ ही कृती त्यात महादेवन गातात आणि मेंडोलिन त्यांच्या गळ्याच्या मागोमाग जाते, कधी किंचित पुढेही. सज्जाद हुसेन यांना जाऊन तेव्हा पाच वर्षे झाली होती. ज्या शहराने मेंडोलिनला आठ मात्रांपलीकडे थांबू दिले नाही, त्याच शहरात ते रात्रभराच्या मैफलीचे मानकरी झाले.

श्रीनिवास यांच्यानंतर काय, हे सांगायला हवे. त्यांचे धाकटे बंधू यू. राजेश हेही मेंडोलिनवादक. मॅकलॉफ्लिन यांच्या चेन्नईत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फ्लोटिंग पॉइंट’ (२००८) या संग्रहात त्यांचे वादन आहे. त्याच संग्रहात मुंबईचे निलाद्री कुमार यांचीही हजेरी आहे. त्यांनी सतारीच्या तारा कमी करून, तिला विद्युत जोड देऊन ‘झितार’ घडवली. तारा घटवा, वीज जोडा, हा श्रीनिवास यांचाच मार्ग सतारीनेही धरलेला येथे दिसतो. ‘शक्ती’ने मात्र गणेश राजगोपालन यांच्या व्हायोलिनला स्थान दिले. त्यांच्यासह निघालेल्या ‘धिस मोमेंट’ (२०२३) या संग्रहाला फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.

‘धिस मोमेंट’ आणि ‘द बिलीव्हर’ एकापाठोपाठ ऐकल्यास फरक लगेच जाणवतो. व्हायोलिन आल्यावर ‘शक्ती’ पुन्हा १९७५ च्या मूळ रूपाच्या जवळ गेली; स्वर गोलाई घेऊन आला आणि गिटार पुन्हा एकटी छेडली जाऊ लागली. यात उणे-अधिक शोधण्याचे कारण नाही. पण श्रीनिवास यांच्या काळातील टोकदार, समोरासमोरची झुंज तेथे नाही; ती व्हायोलिनला साधायचीही नाही. म्हणजे जागा माणसाची होती हे जितके खरे, तितकेच ती घडवण्यात त्या आखूड, एकेरी तारांचा वाटा होता, हेही खरे. पाच तारांचे विजेचे मेंडोलिन दक्षिणेत आज श्रीनिवास यांचे शिष्य आणि इतरही वादक वाजवतात. मुंबई-ठाण्यात मात्र चित्रपटगीतांच्या कार्यक्रमांत दिसते ते अजूनही जुने, आठ तारांचेच.